आयग्रा पॉझिटिव्ह, एक्स-रे क्लीन: पेशीत लपलेल्या जंतूशी शरीर नेमकं कसं लढतं

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर लगेच लक्षात येईल. आईंचं वय ५८, बरीच वर्षं संधिवात, गोळ्यांनी सूज आटोक्यात येत नाहीये म्हणून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं सुचवली आणि त्याआधी छातीचा एक्स-रे आणि आयग्रा, म्हणजे टीबीच्या संसर्गाची रक्ताची टेस्ट, करायला सांगितली. एक्स-रे क्लीन आला, आयग्रा पॉझिटिव्ह. खोकला, ताप, वजन उतरणं, काहीच नाही. आता डॉक्टर म्हणतायत आधी टीबीची प्रतिबंधक औषधं आणि मग इंजेक्शन. तुमचे प्रश्न तीन: इम्युनिटी चांगली असेल तर तिने जंतू मारून का टाकले नाहीत, खात्रीसाठी टीबीची अँटिबॉडी टेस्ट करून घ्यावी का, आणि औषधांऐवजी इम्युनिटी वाढवायला काही देता येईल का.

मी पुण्यात चेस्ट फिजिशियन म्हणून काम करते, आणि हल्ली बायोलॉजिक (इम्युनिटीतला एखादा ठराविक रेणू अडवणारी) इंजेक्शनं बरीच वापरली जायला लागल्यापासून हाच रिपोर्ट हातात धरून घाबरलेली माणसं ओपीडीत सारखी येतात. मला वाटतं तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. आपण इम्युनिटी म्हणजे एकच काहीतरी धरतो, जास्त असली की चांगलं, कमी असली की वाईट. पण शरीराकडे वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, आणि जो जंतू पेशीच्या आत जाऊन बसतो त्याच्याशी लढायची पद्धत बाहेर फिरणाऱ्या जंतूपेक्षा पूर्ण वेगळी आहे. ती कळली की रिपोर्टचा अर्थ पण कळेल, आणि इंजेक्शनच्या आधी औषधं का, तेही.

एक आधीच सांगते, आईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. कुठली औषधं, किती दिवस, हे त्यांच्या लिव्हरवर, डायबेटिस आहे का, मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) किंवा स्टेरॉइड किती चालू आहे, घरात पूर्वी कुणाला टीबी झाला होता का, या सगळ्यावर अवलंबून आहे. त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

आता अँटिबॉडीपासून सुरू करते कारण कोविडनंतर हा शब्द घराघरात गेला. अँटिबॉडी म्हणजे रक्तात आणि शरीरातल्या इतर द्रवांत फिरणारं प्रोटीन. जंतू पेशीच्या बाहेर असेल तर ती त्याला चिकटते, पेशीत शिरू देत नाही, गिळणाऱ्या पेशींच्या हवाली करते. घशातून फुफ्फुसात चाललेला व्हायरस किंवा रक्तात सुटलेलं टॉक्सिन यांच्याविरुद्ध ती फार कामाची. पण ती आकाराने मोठी असते, पेशीचं आवरण पार करून आपणहून आत जात नाही. जंतू एकदा पेशीत घुसून तिथेच राहायला लागला की बाहेर कितीही अँटिबॉडी फिरत असल्या तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही.

आणि टीबीचा जंतू नेमका तिथेच राहतो. खोकल्यातून उडालेला बारीक थेंब श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या वायुकोशापर्यंत पोचतो, तिथे मॅक्रोफेज नावाची पेशी बसलेली असते, तिचं कामच मुळी आलेला कचरा आणि जंतू गिळायचं. ती टीबीचा जंतू गिळते. एरवी गिळलेला जंतू एका पिशवीत अडकतो, त्या पिशवीला लायसोसोम नावाची दुसरी पिशवी येऊन मिळते, तिच्यात अ‍ॅसिड आणि पचवणारी एन्झाइम्स असतात, आणि जंतू संपतो. टीबीचा जंतू या दोन पिशव्या एकत्र येऊच देत नाही. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे दाखवून दिलं. म्हणजे ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्याच पोटात तो घर करतो, आणि अगदी सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला साधारण २० तास लागतात. पोट बिघडवणाऱ्या ई-कोलायला त्याच कामाला २० मिनिटं पुरतात.

मग शरीराला कळतं कसं की आत कुणी बसलंय? माझ्या मते अख्ख्या इम्युनॉलॉजीतली सगळ्यात सुंदर गोष्ट ही आहे. सोसायटीत सकाळी प्रत्येक फ्लॅटच्या दाराबाहेर कचऱ्याची बादली ठेवलेली असते, आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना आत पाऊल न टाकता कळतं की कुणाकडे काल मासे झाले आणि कुणाकडे आंब्याची पेटी आली. पेशी हेच करते. तिच्या आत जी प्रोटीन्स बनतात, मोडतात, त्यांचे बारीक तुकडे ती सतत आपल्या पृष्ठभागावर एमएचसी नावाच्या रेणूत धरून बाहेर दाखवत राहते. ८-१० ते फार तर पंचवीसेक अमिनो आम्लांचा एवढासा तुकडा. टी सेल्स नावाच्या पांढऱ्या पेशी हे तुकडे तपासत फिरतात. तुकडा आपल्याच प्रोटीनचा असेल तर पुढे जातात, परका असेल तर थांबतात. टी सेल नुसता जंतू ओळखत नाही, आपल्या एमएचसीत धरलेला जंतूचा तुकडा ओळखतो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, कॅनबेरामध्ये उंदरांवर काम करताना शोधलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

परका तुकडा सापडल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र आत कोण आहे त्यावर ठरतं. व्हायरस असेल तर त्याने त्या पेशीचा कारखाना करून टाकलेला असतो, म्हणून ती पेशीच संपवणं फायद्याचं. हे काम सीडी८ टी सेलचं. तो त्या पेशीला चिकटतो, परफोरिन नावाच्या प्रोटीनने तिला भोक पाडून ग्रँझाइम नावाची एन्झाइम्स आत सोडतो, आणि पेशी फुटून पसरत नाही तर आतल्या आत शिस्तीत मरते. शेजारच्या पेशींना आधीच इंटरफेरॉनचा इशारा गेलेला असतो (इंटरफेरॉन १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी लंडनमध्ये शोधलं). काही व्हायरस एमएचसी बाहेर येऊच देत नाहीत म्हणजे तुकडे दिसायलाच नकोत, तर त्यासाठी नॅचरल किलर सेल्स आहेत, त्यांना एमएचसी गायब दिसलं की त्याचाच संशय येतो. व्हायरसबद्दल लिहायला बसले तर फार लांबेल, आईंच्या बाबतीत मुद्दा टीबीचा आहे.

टीबीत जंतू मॅक्रोफेजमध्ये आहे. दिसेल तो मॅक्रोफेज मारत सुटलं तर जंतू बाहेर सांडतो आणि फुफ्फुसाची वाट लागते ती वेगळीच. म्हणून इथे मुख्य भूमिका सीडी४ टी सेलची. तो मॅक्रोफेजवरचा परका तुकडा ओळखतो आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचा रसायन-संदेश सोडतो. तो मिळाला की तोच मॅक्रोफेज, जो इतके दिवस जंतूला नुसता पोसत होता, बदलतो, अडवलेल्या पिशव्या एकत्र येऊ लागतात, आत विषारी रेणू तयार होतात आणि जंतूची वाढ रोखली जाते, बरेचसे मरतातही. १९६० च्या दशकात मॅकॅनेस यांनी लिस्टेरिया या पेशीत राहणाऱ्या दुसऱ्या एका जंतूवर हे दाखवलं होतं: बऱ्या झालेल्या उंदराचं सीरम, म्हणजे अँटिबॉडीवाला भाग, दुसऱ्या उंदराला दिला तर तो वाचत नाही, पण लिम्फोसाइट्स (टी सेल्स ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) दिल्या तर संरक्षण मिळतं.

उंदरांचं सोडा, माणसातला पुरावा पाहिजे असेल तर कुष्ठरोग बघा. त्याचा जंतू टीबीच्याच कुळातला आणि तोही पेशीतच राहणारा. एका प्रकारात पेशंटच्या टी सेल्स जोरदार काम करतात, अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा असतो आणि तपासणीत जंतू मुश्किलीने सापडतात. दुसऱ्या टोकाच्या प्रकारात टी सेलचा प्रतिसाद जवळजवळ नसतोच, कातडीत जंतूंचे ढीग असतात, आणि त्याच पेशंटच्या रक्तात अँटिबॉडी मात्र भरपूर. जंतू तोच. अँटिबॉडी जास्त त्याला रोग जास्त. टीबीत पण एचआयव्हीमुळे सीडी४ कमी झाल्या की टीबी उसळतो, आणि ज्या मुलांमध्ये जन्मतःच इंटरफेरॉन गॅमाचा संदेश घेणारा रिसेप्टर बिघडलेला असतो त्यांना बीसीजीच्या लसीतल्या कमजोर जंतूनेसुद्धा गंभीर आजार होतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. टीबीची अँटिबॉडी टेस्ट करू नका. पूर्वी आपल्याकडे टीबी आयजीजी, आयजीएम नावाने या रक्ताच्या टेस्ट सर्रास व्हायच्या, रोग नसलेल्यांना पॉझिटिव्ह आणि असलेल्यांना निगेटिव्ह यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदीच घातली. आजही कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आईंची जी टेस्ट झाली ती मुळातच वेगळी आहे. क्वांटिफेरॉन पद्धतीची असेल तर त्यांचं रक्त चार छोट्या नळ्यांत घेतलं असेल, राखाडी, हिरवं, पिवळं आणि जांभळं झाकण. हिरव्या आणि पिवळ्या नळीच्या आतल्या बाजूला टीबीच्या जंतूतल्या ठराविक प्रोटीनचे तुकडे लावलेले असतात, हे तुकडे बीसीजीच्या जंतूत नसतात म्हणून लहानपणी बीसीजी टोचलेली असली तरी त्याने टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. राखाडी नळीत काही नसतं, ती तुलनेसाठी. जांभळीत असं रसायन असतं की कुठलीही धड टी सेल चाळवेल. नळ्या हलवून १६ ते २४ तास ३७ डिग्रीला ठेवतात आणि मग किती इंटरफेरॉन गॅमा सुटलं ते मोजतात. म्हणजे वर जी गोष्ट सांगितली, तुकडा ओळखायचा आणि संदेश सोडायचा, तीच त्या नळीत घडवून बघतात. रिपोर्टमध्ये जांभळ्या नळीचा आकडा असतो, मायटोजेन म्हणून लिहिलेला, तो मुद्दाम बघत जा. स्टेरॉइड वगैरे चालू असणाऱ्यांमध्ये कधीकधी तो इतका कमी येतो की टेस्टचा काही निष्कर्षच काढता येत नाही, आणि अशा रिपोर्टला निगेटिव्ह समजून पुढे जाणं धोक्याचं.

तर पॉझिटिव्ह म्हणजे काय, की आईंच्या टी सेल्सनी टीबीचा जंतू कधीतरी बघितलेला आहे आणि त्या अजून त्याला ओळखतात. इतकंच. आज रोग आहे असं नाही, आत जिवंत जंतू आहेतच असंही ही टेस्ट सांगू शकत नाही.

आता पहिला प्रश्न, मारून का टाकले नाहीत. एक तर टी सेल्स उशिरा पोचतात. जंतू शिरल्यापासून हा प्रतिसाद उभा राहायला २ ते ८ आठवडे जातात, तोवर जंतूने बस्तान बसवलेलं असतं. दुसरं असं की फुफ्फुसात सगळी ताकद लावून लढणं शरीराला परवडत नाही, आपलेच टिश्यू जळतात, त्यामुळे लढाईला ब्रेकही असतात. मग होतं काय की शरीर त्या जागेला वेढा घालतं. मानेतल्या टीबीच्या गाठीची बायोप्सी मायक्रोस्कोपखाली बघितली तर हे डोळ्यांनी दिसतं: मधे दाणेदार गुलाबी मेलेला भाग, त्याभोवती लांबट झालेले मॅक्रोफेज एकमेकांना चिकटून बसलेले, त्यातले काही एकत्र मिसळून एकच प्रचंड पेशी झालेली आणि तिची केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला रांगेत, आणि सगळ्यात बाहेर लिम्फोसाइट्सचं गडद जांभळं कडं. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत काही जंतू मरतात, काही वाढ जवळपास थांबवून वर्षानुवर्षं पडून राहतात. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येला असा संसर्ग आहे असा अंदाज आहे, आणि त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. म्हणजे आईंची इम्युनिटी नापास झालेली नाही, तिने तिचं काम केलेलं आहे. एरवी निरोगी, साठीच्या आसपासच्या बाईंचा असा रिपोर्ट कुणी दाखवला आणि घरात पेशंट नाही, धोक्याचं औषध नाही, तर मी बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवा म्हणेन.

पण आईंचं गणित वेगळं आहे, आणि ते त्या इंजेक्शनमुळे. हा ग्रॅन्युलोमा एकदा बांधला की झालं असं नसतं, तो रोज टिकवावा लागतो, आणि तो टिकवायला लागणाऱ्या रेणूंमध्ये टीएनएफ नावाचा रसायन-संदेश फार महत्त्वाचा. आता गंमत अशी नाही तर खरी अडचण अशी की आईंच्या सांध्यांमध्ये सूज आणतो तोही हाच टीएनएफ. अ‍ॅडालिमुमॅब त्यालाच अडवतं. सांध्याला आराम पडतो आणि त्याच वेळी फुफ्फुसातला किंवा कुठल्या गाठीतला वेढा ढिला पडतो. २००१ मध्ये याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅबवर असताना टीबी झालेल्या ७० पेशंटची माहिती प्रसिद्ध झाली, निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाबाहेर टीबी झालेला होता, आणि बऱ्याच जणांना पहिल्या काही महिन्यांतच. त्यानंतर ही इंजेक्शनं द्यायच्या आधी टीबीची तपासणी करायचा नियम जगभर झाला. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी अडवून धरलंय ते बरोबर आहे, आणि इंजेक्शन नकोच असंही माझं म्हणणं नाही. वाकडे झालेले सांधे परत सरळ होत नाहीत, संधिवात आटोक्यात आणणं पण तितकंच गरजेचं आहे. आधी जंतूंची संख्या औषधाने कमी करायची, मग वेढा ढिला झाला तरी आतून बाहेर पडायला फारसं कुणी उरत नाही.

इम्युनिटी वाढवायच्या प्रश्नाचं उत्तर पण इथेच आहे. संधिवात हा मुळात इम्युनिटी आपल्याच शरीरावर उलटल्याचा आजार. तिला सरसकट वाढवायचं म्हणजे नेमकं काय वाढवायचं? खाण्याला मात्र खरंच महत्त्व आहे. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना जास्तीचा पोषक शिधा दिला तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी घटलं, हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आई बारीक असतील, नीट जेवत नसतील तर डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे याकडे जरूर बघा, आणि डायबेटिस असेल तर साखर ताब्यात ठेवा, कारण डायबेटिसमध्ये टीबीचा धोका दोन-तीन पट होतो. व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी घ्या, पण टीबी टाळायला म्हणून नको, मंगोलियात हजारो शाळकरी मुलांना देऊन बघितलं, संसर्ग कमी झाला नाही. आणि काढे, गुळवेलीच्या गोळ्या या काळात कृपा करून बंद ठेवा. टीबीच्या औषधांचा लिव्हरवर ताण असतो, बहुधा मेथोट्रेक्सेटचा पण असेल, आणि गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष काय विचारायचं ते. सगळ्यात आधी, चालू रोग नाही ना याची खात्री. एक्स-रे क्लीन म्हणजे फुफ्फुस बहुतेक ठीक, पण मानेत, काखेत गाठी, पोटात सतत दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, हे डॉक्टरांनी एकदा नीट विचारून, हात लावून बघायला हवं. कारण प्रतिबंधक कोर्समध्ये एक किंवा दोनच औषधं असतात, आत चालू रोग असेल तर तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. मग कोर्स. आपल्याकडे मुख्यतः दोन चालतात, आयसोनियाझिड रोज ६ महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. दुसरा लवकर संपतो म्हणून लोकांना बरा वाटतो, पण रिफापेंटिन इतर औषधांचा, स्टेरॉइडचा सुद्धा, परिणाम कमी करतं, म्हणून आईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या असतील तर त्यासकट. रिफापेंटिनने लघवी नारिंगी होते, ते रक्त नसतं, घाबरू नका. आयसोनियाझिडबरोबर बी६ ची गोळी देतात ती हातापायाच्या मुंग्या टाळायला. सुरू करायच्या आधी लिव्हरची टेस्ट, मधे परत, आणि भूक मेली, मळमळ, डोळे पिवळे असं काही झालं तर पुढचा डोस न घेता आधी फोन. इंजेक्शन साधारण कोर्स सुरू होऊन किमान एक महिना झाल्यावर चालू करता येतं, पूर्ण संपेपर्यंत थांबावंच लागतं असं नाही, हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना जरूर विचारा. सरकारी टीबी प्रोग्रॅममध्ये ही औषधं मोफत आहेत, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा.

कोर्स संपल्यावर आयग्रा परत करायची गरज नाही. टी सेल्सची आठवण राहते, त्यामुळे औषधं पूर्ण घेतली तरी टेस्ट पुढे पॉझिटिव्हच येत राहू शकते, आणि दर वर्षी ती करून दर वर्षी घाबरणारी माणसं मी बघते. पुढे बघायचं ते लक्षणांकडे. कोर्समुळे धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. इंजेक्शन चालू असताना दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप किंवा खोकला राहिला, कारण नसताना वजन उतरायला लागलं, मानेत गाठ लागली, तर पुढचं इंजेक्शन थांबवून आधी छातीच्या डॉक्टरांकडे या आणि आल्या आल्या सांगा की टीएनएफ अडवणारं इंजेक्शन चालू आहे, कारण या पेशंटमध्ये एक्स-रे साफ असूनही टीबी दुसरीकडे कुठेतरी असू शकतो आणि ते माहीत असलं तरच डॉक्टर तिथे शोधतील. कुठला कोर्स ठरतोय ते कळलं की लिव्हरच्या रिपोर्टचे आकडे आणि औषधांची यादी इथे टाका, आईंच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते बघून सांगते.